जुन्या अणुभट्ट्यांची सुरक्षा तपासणी

जुन्या अणुभट्ट्यांची सुरक्षा तपासणी म्हणजे दीर्घकाळ चालू असलेल्या अणुभट्टीचे पात्र, नळ्या, जोड, झडपा व विद्युत यंत्रणा अद्याप भरवशाच्या आहेत किंवा नाहीत, हे ठराविक मुदतीने पडताळून पाहण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्राशी निगडित आहे. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या आणि जगातील सर्वांत जुन्या वीजनिर्मिती अणुभट्ट्यांत त्यांची गणना होते.

अणुभट्टीचे वार्धक्य

यंत्र जुने झाले की झिजते, हे सर्वांना ठाऊक असते. अणुभट्टीच्या बाबतीत मात्र झिजेबरोबर आणखी काही प्रक्रिया घडतात. गाभ्यातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन पात्राच्या पोलादावर वर्षानुवर्षे आदळत राहतात, त्यामुळे पोलादाची लवचिकता कमी होऊन ते ठिसूळ बनत जाते. असे पात्र नेहमीच्या तापमानाला तग धरते, परंतु आणीबाणीत त्यात एकाएकी थंड पाणी सोडावे लागल्यास तडा जाण्याचा धोका वाढतो. पात्र बदलणे जवळजवळ अशक्य असल्याने भट्टीचे आयुष्य बहुधा त्यावरच ठरते. म्हणून भट्टी उभारतानाच त्याच पोलादाचे लहान तुकडे आत ठेवतात. काही वर्षांनी एकेक तुकडा बाहेर काढून प्रयोगशाळेत आघाताने मोडून पाहतात आणि त्यावरून पात्राच्या प्रकृतीचा अंदाज बांधतात.

दुसरा विकार नळ्यांच्या जोडांचा. स्टेनलेस पोलादाच्या नळीला जोड देताना लागलेल्या उष्णतेमुळे जोडालगतच्या धातुकणांच्या सीमांवर क्रोमियमचे प्रमाण घटते. पुढे उष्ण पाणी, त्यातील विरघळलेला ऑक्सिजन आणि धातूतील ताण या तिहींचा संयोग झाला की त्या सीमांवरून बारीक तडा आत सरकू लागतो. हा तडा बाहेरून दिसत नाही आणि तो वाढण्यास वर्षे लागतात. उकळत्या पाण्याच्या प्रकारातील भट्ट्यांना, म्हणजेच तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्या जातीला, हा विकार जगभर जडलेला आढळला आहे.

तपासणीतील अडचणी

औष्णिक केंद्राच्या बॉयलरची तपासणी करायची असेल, तर तो थंड करून माणूस आत उतरू शकतो. वरणगावजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी हे नित्याचे काम आहे. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या गाभ्याजवळ माणूस जाऊ शकत नाही. तेथे पाण्याखाली चालणारे कॅमेरे, दूरनियंत्रित यंत्रहात आणि श्राव्यातीत ध्वनिलहरी यांच्या साहाय्याने पाहावे लागते. ध्वनिलहर धातूत सोडली असता तड्यावरून परावर्तित होते, आणि परत येण्यास लागलेल्या वेळेवरून तड्याची जागा व खोली काढता येते. पातळ नळ्यांसाठी विद्युतचुंबकीय भोवरा प्रवाहाची चाचणी वापरतात.

ही कामे बहुतांशी इंधन बदलण्यासाठी भट्टी बंद असतानाच करता येतात. किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि भारतात कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मात्रेची मर्यादा आहे. भट्टी जसजशी जुनी होते तसतशी नळ्यांच्या आतील किरणोत्सारी साका वाढते, म्हणजेच जिची तपासणी अधिक वेळा व्हायला हवी तिच्याजवळ थांबण्याची मुभा कमी होत जाते. त्यामुळे प्रत्येक जोड प्रत्येक वेळी तपासला जात नाही. नमुन्यादाखल काही जोड निवडले जातात. निवड चुकली तर अहवाल निर्दोष येतो आणि दोष तसाच राहतो.

जपानमधील मिहामा केंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी नेमके हेच घडले. १९७६ पासून एकदाही न तपासलेली नळी आतून झिजून फुटली आणि उष्ण पाणी व वाफेने पाच कामगारांचा बळी घेतला. ही नळी किरणोत्सारी भागातील नव्हती. ती तपासणीच्या यादीतूनच सुटली होती.

तारापूर

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरवल्या. मुळात प्रत्येकी २१० मेगावॅट क्षमतेच्या या संचांतील दुय्यम वाफ जनित्रांच्या नळ्या गळू लागल्याने ती जनित्रे बाजूला काढावी लागली आणि क्षमता १६० मेगावॅटवर आणण्यात आली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी तांत्रिक साहाय्य आटले. तेव्हापासून तपासणीची साधने येथेच घडवावी लागली आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यात मोलाचे काम केले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या भट्ट्यांचे सर्वंकष सुरक्षा पुनरावलोकन झाले. त्यानंतर २००५-०६ मध्ये दोन्ही संच बंद ठेवून अधिक क्षमतेचे डिझेल जनरेटर बसवण्यात आले, दोन्ही भट्ट्यांत सामायिक असलेल्या काही यंत्रणा स्वतंत्र करण्यात आल्या आणि पूरक नियंत्रण कक्ष उभारण्यात आला. ११ मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर तारापूरचे नाव पुन्हा चर्चेत आले, कारण फुकुशिमाचा पहिला संच त्याच कंपनीच्या रचनेचा आणि तारापूरहून वयाने लहान होता. दोन्हींची रचना तंतोतंत सारखी नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. २०२० मध्ये प्रथम पहिला व नंतर दुसरा संच पाण्याच्या पुनराभिसरणाच्या नळ्या बदलण्यासाठी बंद करण्यात आला. यामागचे कारण वर वर्णिलेला जोडांचा विकार हेच होते.

तापीकाठचे काकरापार

वरणगाव-भुसावळ परिसरातून पश्चिमेकडे वाहणारी तापी गुजरातेत उकाई धरण ओलांडून काकरापार बंधाऱ्याशी पोहोचते. तेथील अणुऊर्जा केंद्राला याच नदीचे पाणी मिळते. खानदेशाच्या दृष्टीने तारापूरपेक्षा काकरापार जवळचे, तरी मराठीत त्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. येथील पहिले दोन संच प्रत्येकी २२० मेगावॅटचे व जड पाण्यावर चालणारे आहेत. अशा भट्टीत एका मोठ्या पात्राऐवजी ३०६ आडव्या नळ्यांतून इंधन ठेवलेले असते.

१ जुलै २०१५ रोजी दुसऱ्या संचातील एक नळी गळली. ११ मार्च २०१६ रोजी, म्हणजे फुकुशिमाच्या पाचव्या स्मरणदिनी, पहिल्या संचातही तशीच गळती होऊन भट्टी आपोआप बंद पडली व केंद्रापुरती आणीबाणी जाहीर झाली. केंद्राबाहेर मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सार गेला नाही. मात्र पहिल्या संचातील नळ्या अपघाताच्या काही वर्षे आधीच नव्याने बसवलेल्या होत्या. नळीच्या बाहेरील पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडलेले आढळले, आणि नियमित तपासणीची यंत्रे तर नळीच्या आतून फिरतात. भट्टीचे वय आणि तिच्या भागांचे वय या दोन निरनिराळ्या गोष्टी असून नव्या भागाकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागते, हे या प्रकरणातून दिसते. दोन्ही संचांतील सर्व नळ्या बदलल्यानंतर दुसरा संच २०१८ मध्ये आणि पहिला २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला.

तपासणाऱ्यावर कोण लक्ष ठेवतो?

भारतात ही जबाबदारी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. केंद्र चालवण्याचा परवाना मुदतीचा असतो आणि दर दहा वर्षांनी सखोल पुनरावलोकन होते. मंडळ कायद्याने नव्हे तर सरकारी आदेशाने निर्माण झाले आणि ज्या व्यवस्थेची तपासणी करायची तिच्याच छत्राखाली ठेवले गेले, हा त्यावरील जुना आक्षेप आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ च्या अहवालात हा मुद्दा मांडला. तीस वर्षे चाललेल्या किंवा बंद झालेल्या केंद्रांकडेही भट्टी कायमची मोडीत काढण्याची योजना नसल्याचे त्याच अहवालात नोंदवले आहे.

१९९३ ते १९९६ या काळात मंडळाचे अध्यक्ष असलेले ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, देशातील अणुकेंद्रांतील सुमारे १३० सुरक्षाविषयक त्रुटींचा अहवाल तयार झाला. तो जाहीर व्हावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. अणुऊर्जा कायदा, १९६२ च्या कलम १८ नुसार अशी माहिती गुप्त ठेवण्याचा सरकारचा अधिकार उच्च न्यायालयाने मान्य केला आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. अणुशस्त्रांची गुपिते राखणे समजण्यासारखे आहे, परंतु वीजकेंद्रातील नळीच्या जोडाचा अहवाल त्याच कुलपात का असावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर या वादात मिळाले नाही.

गुप्तता नसलेल्या देशांतही तपासणी फसू शकते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्राची नियोजित तपासणी पुढे ढकलून फेब्रुवारी २००२ वर नेली गेली. भट्टी उघडल्यावर पात्राच्या झाकणातील जाड पोलाद आम्लाने पोखरलेले आढळले आणि एका जागी आतील सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे अस्तर तेवढे शिल्लक होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने गाभ्याभोवतीच्या आवरणातील तड्यांच्या नोंदी अनेक वर्षे खोट्या ठेवल्याचे उघड झाले. पुढे तिच्या सर्व १७ भट्ट्या तपासणीसाठी बंद कराव्या लागल्या.

परिसरातील लोकसंख्या

तारापूरभोवती मच्छीमारांची गावे व औद्योगिक वसाहत आहे. तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवण्यात आली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्यामुळे जुन्या बांधकामाच्या भूकंपरोधकतेचा प्रश्न स्थानिकांच्या बोलण्यात आला. केंद्रापासून १६ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश आपत्कालीन नियोजनात मोडतो. त्याची रंगीत तालीम दर दोन वर्षांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली घेतली जाते आणि तीत गावकऱ्यांना घरात थांबण्याच्या व स्थलांतराच्या सूचना कशा द्यायच्या, याचा सराव होतो.