एकदा दाबले, सोळा उमटले!

मुंबईत बसून लंडनमधला संगणक चालविता येतो, हे तुम्हांला ठाऊक असेलच. तिकडचे चित्र आपल्या पडद्यावर दिसते आणि आपण दाबलेल्या कळा तिकडे पोचतात. पण इंटरनेटचा दुवा खिळखिळा असला की गंमत होते. 'क' एकदाच दाबावा, तर 'ककककक' अशी माळ उमटते! ही गंमत महागही पडते. एखाद्या रकमेत चार शून्ये वाढली, किंवा परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा चुकून खातेच बंद झाले, तर? म्हणून असे का घडते ते पाहू या.

कळ दाबली की आपला संगणक एक नव्हे, दोन निरोप धाडतो : 'कळ दाबली' आणि 'कळ सोडली'. इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झालेली आणि १९९८ साली सर्वांना खुली झालेली 'व्हीएनसी' ही पद्धत घ्या. तिच्यात असा प्रत्येक निरोप अवघ्या ८ बाइटांचा असतो. त्यातला एक बाइट फक्त एवढेच सांगतो, की कळ खाली आहे की वर.

मग इतका चिमुकला निरोप अडतो कसा? इंटरनेटवर माहिती पुडक्यांच्या रूपाने जाते. एखादे पुडके वाटेत हरवले, तर 'टीसीपी' ही व्यवस्था ते पुन्हा पाठविते. पण ते येईपर्यंत मागून आलेली पुडकी दाराशीच थोपवून धरते, कारण क्रम मोडता कामा नये. म्हणजे निरोप हरवत नाही, त्याला उशीर होतो.

आता समजा, 'दाबली' हा निरोप वेळेवर पोचला आणि 'सोडली' हा त्यानंतर एका सेकंदाने. पलीकडच्या संगणकाला वाटते, बोट अजून कळीवरच आहे! कळ धरून ठेवल्यास अर्ध्या सेकंदानंतर दर सेकंदाला ३० अक्षरे, असा त्याचा नियम असेल, तर उरलेल्या अर्ध्या सेकंदात १५ अक्षरे उमटतील. पहिले धरून सोळा!

दुसरा प्रकार अडकलेल्या कळीचा. 'ऑल्ट' दाबून तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेलात आणि तेथे बोट उचललेत, तर 'सोडली' हा निरोप कधी कधी पलीकडे जातच नाही. मग साधे अक्षर दाबले तरी भलतीच आज्ञा सुटते. उपाय सोपा आहे. दूरच्या संगणकाच्या खिडकीत परत येऊन शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट या कळा एकेकदा दाबून सोडाव्यात.

तिसरे कारण अंतराचे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर; म्हणजे जाऊन येण्यास किमान ०.०७२ सेकंद लागणारच. दुवा वाईट असेल तर हा वेळ कितीतरी वाढतो. अक्षर दिसले नाही म्हणून उतावळा माणूस पुन्हा कळ दाबतो आणि अक्षर दुप्पट होते.

दोष शोधावा तो क्रमाने. प्रथम आपल्याच संगणकावर चार ओळी लिहाव्यात. त्या नीट उमटल्या तर कळफलक निर्दोष आहे. मग 'पिंग' ही आज्ञा देऊन निरोपाला जाऊन येण्यास लागणारा वेळ पाहावा. तो सारखा खालीवर होत असेल, तर वायफायऐवजी तार जोडावी आणि पलीकडच्या संगणकावरील अक्षरे आपोआप पुन्हा उमटण्याची सोय बंद करावी. मात्र '@' ऐवजी अवतरणचिन्ह उमटले तर जाळ्याला दोष देऊ नये. ब्रिटिश आणि अमेरिकन कळफलकांत या चिन्हांच्या जागा निराळ्या आहेत; दोन्हीकडे एकच मांडणी निवडली की झाले.

करून पाहा : आपल्या संगणकावर एक कळ ५ सेकंद दाबून धरा आणि उमटलेली अक्षरे मोजा. 'सोडली' हा निरोप ५ सेकंद उशिरा आला तर काय होईल, ते तुमच्या पडद्यावरच दिसेल.