छापखाना कुणाचा, सर्व्हर कुणाचा?

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा पैसे मोजण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) आणि दादरच्या आंबेडकर भवनातील बुद्धभूषण छापखाना ही पुढची परंपराही आपल्याला पाठ आहे. ज्या यंत्रावर आपले म्हणणे छापले जाते ते यंत्र परक्याचे असेल, तर म्हणणेही त्याच्या मर्जीवर राहते, ही जाण त्या परंपरेत आहे. आज मात्र आपल्या सभांची निमंत्रणे, अत्याचाराच्या बातम्या, कविता, आपापसांतली भांडणेसुद्धा फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर असतात, आणि यंत्र कुणाचे हे आपण विचारीत नाही.

ऑर्कुटवर एके काळी आपल्या तरुणांनी आरक्षणावर हिरीरीने वाद घातले. गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद केले. मालकाने वाडा पाडला, भाडेकरूंचे सामान ढिगाऱ्याखाली गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे आणि पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यांवर ट्विटरने कारवाई केली, तेव्हा कंपनी जातिभेद करते असा आरोप उघडपणे झाला आणि पुष्कळ भारतीय ‘मॅस्टोडॉन’ नावाच्या नव्या व्यवस्थेकडे वळले. ही व्यवस्था काय आहे हे समजून घेण्यासाठी आधी मुक्त सॉफ्टवेअर समजले पाहिजे.

माझे काही विद्यार्थी भोसरीच्या शेडमध्ये किंवा चाकणला पाळीवर काम करून वर्गात येतात. त्यांना मी ड्रॉइंगचे उदाहरण देतो. ड्रॉइंग हाती असेल तर कुशल टर्नर तो पार्ट कोणत्याही लेथवर काढू शकतो, त्यात दुरुस्तीही सुचवू शकतो. ड्रॉइंग साहेबाच्या कपाटात असेल तर त्याच्या वाट्याला एकच ऑपरेशन येते, दिवसभर तेच. सॉफ्टवेअरचे ड्रॉइंग म्हणजे सोर्स कोड. कंपन्या तो कुलपात ठेवतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जी चळवळ सुरू केली तिचे म्हणणे असे की हे ड्रॉइंग वापरणाऱ्याला पाहता, बदलता आणि पुढे देता आले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांना विद्येची दारे बंद होती त्यांना या मागणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स याच वाटेने वाढले.

मॅस्टोडॉन २०१६ मध्ये ऑयगेन रोख्को यांनी तयार केले. त्याला एक मालक नाही. पिंपरीच्या मंडळींनी आपला सर्व्हर चालवावा, नांदेडच्या मंडळींनी त्यांचा. तरीही एकीकडचा माणूस दुसरीकडच्याशी बोलू शकतो, जसे एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीच्या सिमवर फोन लागतो. यासाठीचा समान नियम ‘ॲक्टिव्हिटीपब’ म्हणून जानेवारी २०१८ मध्ये मान्य झाला. व्हॉट्सॲपवरून असा फोन दुसऱ्या ॲपवर लावून पाहा, म्हणजे फरक कळेल.

पण भाबडेपणा नको. २०१९ मध्ये मॅस्टोडॉनकडे गेलेल्यांतले बरेच परत फिरले. आपली माणसे जेथे नाहीत तेथे कोण थांबेल? त्याच वर्षीच्या जुलैत ‘गॅब’ या अमेरिकेतल्या अतिउजव्या मंडळींच्या अड्ड्याने हेच सॉफ्टवेअर उचलले. ड्रॉइंग खुले असले की शत्रूलाही खुले असते. इतर सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले, एवढाच उपाय होता आणि तो बऱ्याच अंशी चालला. शिवाय सर्व्हर आपला असला तरी सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली तो अडवू शकते. बुद्धभूषण छापखाना यंत्रासकट आपला होता. पण जागेच्या मालकीचा वाद राहिला आणि जून २०१६ मध्ये आंबेडकर भवनाबरोबर तोही जमीनदोस्त झाला. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरखालची जमीनही दुसऱ्याचीच असते.

मला सर्वांत जास्त बोचते ते निराळेच. मुक्त सॉफ्टवेअर फावल्या वेळात विनावेतन घडते असे कौतुकाने सांगतात. फावला वेळ कुणाकडे आहे? चाकणला बारा तास उभा राहणारा कंत्राटी कामगार रात्री कोणता कोड लिहिणार? त्यामुळे मुक्त म्हणविणाऱ्या या क्षेत्रातही निर्णय घेणारे बहुधा पोटापाण्याची विवंचना नसलेलेच असतात. खुले दार आणि आत येण्याची ऐपत या दोन गोष्टी आहेत.

म्हणून सुरुवात सोशल नेटवर्कपासून करू नये असे माझे मत आहे. आपल्या नियतकालिकांचे १९९० नंतरचे कितीतरी अंक बंदिस्त फॉण्टांत जुळवलेले आहेत. ते सॉफ्टवेअर नसेल तर फाईल उघडल्यावर अक्षरांऐवजी खुणांचा कचरा दिसतो. हे अंक युनिकोडमध्ये आणावेत. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील तंत्रज्ञांनी सांभाळलेला ‘लोहित’ हा मुक्त फॉण्ट फुकट मिळतो. एखाद्या अभ्यासिकेतला जुना संगणक लिनक्स टाकून एवढ्या संग्रहाला पुरतो. पासवर्ड तिघांकडे असावा, आणि ते तिघे एका पाळीचे नसावेत. गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते पण दुरुस्तीसाठी वीजही जाते. तेव्हा बॅकअप बुधवारी रात्री घ्यावा आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.