विटेचा हिशेब : बांधकाम साहित्याची पर्यावरणीय घोषणा

प्रवरेकाठची कसदार जमीन आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे कालव्याचे पाणी यांच्या बळावर श्रीरामपूर परिसरातील ऊसशेती व साखर कारखानदारी उभी राहिली. हीच माती वीटभट्टीलाही लागते. शेताचा सुपीक वरचा थर एकदा विकला गेला की तो पुन्हा तयार होण्यास पिढ्या लागतात. विटांच्या पावतीवर मात्र केवळ नग व दर लिहिलेले असतात. माती, इंधन व धूर यांचा उल्लेख कोठेही नसतो. हा न लिहिलेला खर्च आकड्यांत मांडणारा दस्तऐवज म्हणजे ‘पर्यावरणीय उत्पादन घोषणा’ होय.

घोषणा म्हणजे काय?

कच्चा माल काढण्यापासून कारखान्यातील निर्मिती, वाहतूक, वापर आणि अखेरीस इमारत पाडल्यानंतरची विल्हेवाट, असा उत्पादनाचा जीवनक्रम तपासला जातो. त्यात किती ऊर्जा व पाणी लागले, किती कर्बवायू बाहेर पडला, याची नोंद होते. अशा घोषणांसाठी २००६ चे आयएसओ १४०२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्रयस्थ तज्ज्ञाकडून पडताळणी झाल्यावर घोषणा प्रसिद्ध होते. तिची मुदत साधारणतः ५ वर्षे असते.

घोषणा आणि प्रशस्तिपत्र यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. भारतात १९९१ मध्ये सुरू झालेले ‘इकोमार्क’ चिन्ह ठरावीक निकष पूर्ण करणाऱ्या वस्तूस मिळते. घोषणा मात्र वस्तू चांगली की वाईट हे सांगत नाही. ती हिशेब मांडते. निर्णय खरेदीदाराने घ्यावयाचा असतो.

आकडे कसे वाचावेत?

प्रथम परिमाण पाहावे. १९ × ९ × ९ सेंटिमीटरच्या प्रमाणित विटा सांध्यासह एक घनमीटर भिंतीस सुमारे ५०० लागतात. मोठ्या आकाराचे ठोकळे याहून कमी लागतात. म्हणून एका नगाची दुसऱ्या नगाशी तुलना फसवी ठरते. तुलना भिंतीची भिंतीशी करावी.

दुसरे, हिशेबाची हद्द पाहावी. कारखान्याच्या फाटकापर्यंतचेच आकडे असतील तर श्रीरामपूरपर्यंतची वाहतूक स्वतंत्रपणे मिळवावी लागते. एकलहरे येथील औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेली वीट भट्टीत भाजावी लागत नाही व शेताची माती वाचवते. परंतु तिच्यातील सिमेंट वा चुना आणि मालमोटारीचे इंधन हिशेबात धरलेच पाहिजे.

तिसरे, घटक पाहावेत. १०० किलो शुद्ध चुनखडीचे पूर्ण विघटन झाल्यास ५६ किलो चुना व ४४ किलो कर्बवायू मिळतो. सिमेंटच्या भट्टीत इंधनाचा धूर याखेरीज वेगळाच. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख असल्याने हा भार कमी होतो. शिक्षकांना वर्गात सहज करून दाखविता येईल असे हे गणित आहे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

युरोपीय संघाने २०२४ च्या नियमावलीद्वारे बांधकाम उत्पादनांची पर्यावरणीय माहिती टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्याचे ठरविले आहे. आपल्याकडील लहान भट्टीवाल्यास अशी घोषणा तयार करून घेण्याचा खर्च पेलणारा नाही. तेव्हा कागद नाही म्हणून त्याचा माल त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. आणि मोठ्या कंपनीकडे कागद आहे एवढ्यावरून तिचा माल निर्दोष मानणेही चुकीचे ठरेल.

तथापि विचारणा करण्यास खर्च लागत नाही. शाळाखोली वा अंगणवाडी बांधताना माती कोठून आणली, विटा कोणत्या इंधनावर भाजल्या, माल किती अंतरावरून आला, सिमेंट कोणत्या प्रकारचे आहे, ही माहिती पुरवठादाराकडून लेखी घ्यावी व मजबुतीच्या चाचणीसोबत दप्तरी ठेवावी. राख-विटेची मजबुती मानकाप्रमाणे सिद्ध झाली व अंतराचा हिशेब अनुकूल निघाला, तर तिला प्राधान्य द्यावे. इमारत पन्नास वर्षे उभी राहील. तिच्यासाठी खणलेले शेत त्याहून अधिक काळ आपल्याच गावात राहणार आहे.