जमिनीतून वर येणारा किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्याला रायगड, सिंधुदुर्ग आठवतात. लांबूनच दिसणारे. पण एरवी जमिनीत लपून बसणारा आणि शत्रू आला की वर येणारा किल्ला कधी ऐकलाय? इंग्लंडमध्ये १९४० साली असे किल्ले खरोखर बांधले गेले. नाव होतं पिकेट-हॅमिल्टन फोर्ट.

त्याचं कारण असं. १० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंडवर हल्ला केला तेव्हा छत्रीधारी सैनिक थेट विमानतळांवरच उतरवले. जूनमध्ये फ्रान्सही पडला. मध्ये उरली फक्त इंग्लिश खाडी. दक्षिण किनाऱ्याजवळच्या टँगमेअरसारख्या हवाई तळांवर उद्या हेच झालं तर? मैदानाच्या मधोमध बंकर बांधावा, तर आपलीच विमानं त्याला धडकणार. म्हणून ही आयडिया!

काँक्रीटची दोन नळकांडी, एकात एक बसणारी. बाहेरचं जमिनीत पक्कं पुरलेलं, आतलं वरखाली सरकणारं. त्याचं छप्पर जमिनीच्या पातळीत. सैनिक छपराच्या झाकणातून आत उतरायचे आणि दाबाखालच्या हवेवर चालणारा जॅक आतलं नळकांडं सुमारे अडीच फूट वर उचलायचा. मग भोकांतून बंदुका बाहेर. हवा कमी पडली तर हातपंप होताच.

हे जड काम हवा कशी करते? समजा, वजन १० टन आहे आणि हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७ किलो. १०,००० भागिले ७, म्हणजे सुमारे १,४३० चौरस सेंटीमीटर. एवढ्या क्षेत्रफळाच्या पिस्टनचा व्यास फक्त ४३ सेंटीमीटर येतो. फर्स्ट इयरचंच गणित!

चर्चिल यांनी लँगले विमानतळावर हे किल्ले पाहिले आणि जुलै १९४० मध्ये त्यांची जोरदार शिफारस केली. पण प्रत्यक्षात काय झालं? खड्ड्यात पाणी साचू लागलं. आत माणसं बसणार होती, हे लक्षात घ्या. शिवाय १६ ऑगस्ट १९४० ला टँगमेअरवर हल्ला झाला तो स्टुका विमानांच्या बॉम्बचा. छत्रीधारी सैनिक आलेच नाहीत. बॉम्बसमोर हा किल्ला काय करणार?

टँगमेअरचा तळ १९७० मध्ये बंद झाला. १९८२ पासून तिथे संग्रहालय आहे आणि त्यात असा एक किल्ला जपून ठेवलाय.

मला वाटतं, तो आपल्यासारख्यांनी बघायलाच हवा. कल्पना झकास होती, गणितही बरोबर होतं. राहून गेलं ते जमिनीखालचं पाणी. आपल्याही प्रोजेक्टचा डेमो लॅबमध्ये चालला की आपण खूश होतो. पण एक पावसाळा बाहेर काढल्यावर तो चालेल का, हा प्रश्न व्हायवाच्या आधी स्वतःलाच विचारलेला बरा, नाही का?