एक क्रियापद, ६४५ अर्थ

क्रिकेटमुळे ‘रन’ हा शब्द मराठी घराघरांत पोचला. फलंदाजाने पळून काढलेली धाव, एवढाच त्याचा आपल्या सवयीचा अर्थ. इंग्रजीत मात्र नळाचे पाणी, गळणारे नाक आणि कपड्याचा जाणारा रंग या साऱ्यांना हेच क्रियापद लागते. दुकान चालवणे, निवडणुकीला उभे राहणे, वर्तमानपत्रात बातमी छापणे, संगणकावर प्रोग्रॅम चालवणे, हेही ‘रन’च. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली. त्या कामाला नऊ महिने लागले आणि अर्थ भरले ६४५!

असे का होते? अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये एक ढोबळ नियम मांडला. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, पण ही वाढ वर्गमुळाच्या हिशेबाने होते. म्हणजे एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ साधारण दहापट असतात. छोटा, तोंडात बसलेला शब्द नव्या कामाला जुंपणे बोलणाऱ्याला सोयीचे पडते. नेमका अर्थ कोणता, हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो.

हे ओळखणे मेंदूत कसे घडते, याचा शोध डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये घेतला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा आणि चोरून ऐकण्याचे यंत्रही. इमारतीत कोळी, झुरळे आणि इतर ‘बग’ सापडले, असा मजकूर त्यांनी लोकांना ऐकवला. ‘बग’ शब्द कानावर पडताच पडद्यावर ‘मुंगी’, ‘हेर’ किंवा ‘शिवणे’ या अर्थाचा एखादा शब्द दाखवला. लोकांनी ‘मुंगी’ आणि ‘हेर’ हे दोन्ही शब्द ‘शिवणे’पेक्षा लवकर ओळखले. संदर्भ उघडउघड किड्यांचा होता, तरी मेंदूने क्षणभर दोन्ही अर्थ जागे केले होते. पुढची तीनच अक्षरे ऐकून होईपर्यंत हेर मागे पडला आणि फक्त किडा उरला. ही निवड चालू असल्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

संगणकाला हेच काम फार जड गेले. तर्कशास्त्रज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये ‘पेटी पेनमध्ये होती’ या अर्थाचे साधे इंग्रजी वाक्य पुढे केले. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि लहान मुलांना खेळायला ठेवण्याचे कुंपणही. पेटी लेखणीत मावत नाही, हे यंत्राला कोण सांगणार? असे व्यवहारज्ञान नसलेले यंत्र उत्तम भाषांतर करू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या अडचणीला उपयोगी पडेल असे एक साधन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून तयार होऊ लागले. त्याचे नाव वर्डनेट. इथे शब्द अकारविल्हे लावलेले नसून अर्थानुसार गटांत बांधलेले असतात. ‘रन’ एका गटात ‘फ्लो’ म्हणजे वाहणे याच्याशेजारी बसतो, तर दुसऱ्यात ‘ऑपरेट’ म्हणजे चालवणे याच्या जोडीला. पळण्याच्या अर्थाखाली ‘जॉग’ आणि ‘स्प्रिंट’ हे त्याचे खास प्रकार येतात. असे १,१७,००० हून अधिक गट त्यात आहेत. संगणकाला चित्रे ओळखायला शिकवणारा ‘इमेजनेट’ हा प्रसिद्ध संग्रहही २००९ मध्ये याच मांडणीवर उभा राहिला.

मराठीचे वर्डनेट मुंबईच्या आयआयटीत घडले, तर कोकणीचे गोवा विद्यापीठात. आपल्याकडे या कामाला सामग्रीची वाण नाही. एकट्या ‘लागणे’चा पसारा पाहा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो आणि मूल चालू लागते. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने असे असंख्य अर्थ कागदावर टिपले. पण भाषा तिथे थांबलेली नाही. मोबाइलवरचा फोनही आता ‘लागतो’ किंवा ‘लागत नाही’. बोलींमधले आणि आजच्या वापरातले असे अर्थ उदाहरणांसह नोंदवले, तरच यंत्रांना आपली मराठी कळेल. विद्यापीठांनी, शाळांनी आणि शब्दांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हे काम आता हाती घ्यायला हवे.