मठार

'मठारणे', म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर खळगे उठवणे, हे क्रियापद घराघरांतून नाहीसं झालंय. ते अजून रोज तोंडी आणि हाती असेल असं ठिकाण म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, म्हणून तिथे गेलो. पेशवाईच्या काळात कोकणातून येऊन वसलेली ही त्वष्टा कासारांची वस्ती. इंद्राचं वज्र घडवणाऱ्या वैदिक त्वष्ट्याचं नाव ते लावतात. 'तांबट' मात्र सरळ कामावरून पडलेलं नाव. ताम्रकुट्ट, म्हणजे तांबं कुटणारा. कुमाऊँतले तांबं घडवणारे टम्टाही याच शब्दकुळातले. एकसुरी टुकटुक करणाऱ्या पक्ष्यालाही आपण तांबट म्हणतो, ते याच ठोक्यांवरून.

एका पडवीत घंगाळाचं मठारकाम चाललं होतं. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटावर भांडं पालथं घातलेलं. कारागिराचा उजवा हात नुसता वर-खाली होतो. खरं कसब डाव्या हाताचं. प्रत्येक ठोक्यानंतर तो भांडं किंचित फिरवतो, इतकंच की पुढचा खळगा आधीच्याला चिकटून बसावा. ओळीमागून ओळ काठाकडे सरकते. हातोडीचं तोंड आरशासारखं घोटलेलं, कारण त्यावरचा बारीकसा ओरखडाही दर ठोक्याला तांब्यावर उमटणार.

गिऱ्हाईक या खळग्यांना नक्षी समजतं. नक्षी आहेच, पण भांड्याची ताकदही तीच. घडवताना तांबं भट्टीत लाल करून मऊ केलेलं असतं. तसंच सोडलं तर वापरात सहज चेपेल. थंड धातूवर ठोके बसत गेले की आतली स्फटिकांची रचना गुंतते आणि पत्रा ताठ होतो. अति झालं तर तडकतो. कुठे थांबायचं ते कान सांगतो: मऊ तांबं बद्द वाजतं, ताठलेलं खणखणीत.

आणि आयुष्यभराच्या ठोक्यांनी अधू होतो तोही कानच. त्यात कामही आटलं. बंब गेले, गीझर आले. हंडे-कळश्या स्टील-प्लॅस्टिकने हटवल्या. तांब्यातलं पाणी प्यायची हौस परतली, पण बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांवरचे खळगे यंत्राच्या दाबाने उठवलेले असतात. त्यांना मठार म्हणणं मला मान्य नाही. पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची, म्हणजे तिथल्या तांबटांची, कला २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेली, याचा आनंदच आहे. इथे मात्र आधी शिकाऊ पोरं हवीत, आणि जागा. वाडे पडून इमारती उठल्या की शेजाऱ्यांना ठोकाठोक नकोशी होते. शिवाय खुंट रोवायला पायाखाली जमीन लागते. ती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मिळत नाही.