अंबाड्याची मागची बाजू

ऐतिहासिक नाटक असो, मालिका असो की चित्रपट, बाईच्या भूमिकेचं रूप ठरवायला बसलं की आधी दागिने येतात, मग लुगडी आणि सगळ्यांत शेवटी केस. नथीचा घाट, ठुशीची गुंफण, पैठणीचे काठ यांवर तासन्‌तास खल होतो. केसांची पाळी आली की कुणीतरी एखादं चित्र पुढे सरकवतं आणि म्हणतं, "असंच काहीतरी करा." ते चित्र हमखास समोरून काढलेलं असतं. माझं उभं आयुष्य रंगपटात गेलं. त्या अनुभवावरून माझं ठाम मत आहे की मराठी बाईची केशरचना पाठीमागून अभ्यासावी लागते. समोरून दिसतो तो भांग. बाईचं वय, ती सवाष्ण आहे की विधवा, घरची ऐपत, आज सण आहे की सुतक, हे सगळं कळतं ते मानेच्या वरच्या त्या वीतभर जागेत. म्हणून प्रत्येक काळाचा आढावा घेताना मी एकच गोष्ट शोधत आले आहे: मागची बाजू दाखवणारा पुरावा.

या बाबतीत सर्वांत जुना काळ सर्वांत उदार आहे, कारण मूर्तीला पाठ असते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पाँपेईत १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याच जातकुळीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन इथे मिळाल्या आहेत. पाँपेईच्या मूर्तीच्या पाठीवर रुळणारा केशसंभार कारागिराने पुढच्या दागिन्यांइतक्याच निगुतीने कोरला आहे. सातवाहनकालीन नायिका उभी करणाऱ्याने आधी या मूर्तीची पाठ पाहावी. कार्ल्याच्या चैत्यगृहातली दांपत्यं त्यानंतर पाहावीत. अजिंठ्याबद्दल मी लांबण लावत नाही. सतराव्या लेण्यातली आरसा हाती धरलेली राजकन्या सगळ्यांना पाठ आहे, आणि तिथली सैलसर, फुलांनी मढवलेली केशरचना इतकी मोहक आहे की लोक ती उचलून कुठल्याही शतकात नेऊन ठेवतात. माझं भांडण आहे ते त्या उचलेगिरीशी. पाचव्या शतकातला दरबारी शृंगार सतराव्या शतकातल्या देशमुखाच्या सुनेला चढवायचा आणि त्याला 'आपली परंपरा' म्हणायचं, हा अभ्यास नव्हे.

यादवकाळातल्या देवळांवरच्या सुरसुंदरी देखण्या आहेत, पण घरातल्या बाईबद्दल त्यांच्याकडून फार काही कळत नाही. पुढची शतकं आणखी अबोल आहेत. शिवकाळातल्या राजस्त्रियांची समकालीन चित्रं जवळजवळ नाहीतच. उत्तर पेशवाईत जेम्स वेल्ससारखा कसलेला चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणीस रंगवतो, पण वाड्यातल्या बायका पडद्याआडच राहतात. मेणवलीला नानांच्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत, त्यांवरून थोडी कल्पना येते. या काळासाठी मी दागिन्यांचा आधार घेते. राखडी, मूद, केवडा, वेणीचे गोंडे हे अलंकार केसांत कुठे आणि कसे अडकतात, ते आकडा आणि फासा हातात घेऊन पाहिलं की त्यांच्याखाली कोणती रचना असायला हवी हे उलट्या वाटेने शोधता येतं. जड सोन्याची मूद सैल केसांवर बसतच नाही. पेशवीण केस मोकळे सोडून सज्जात उभी आहे आणि मूदही माळली आहे, असं दृश्य दाखवणाऱ्यांनी ती मूद एकदा तोलून पाहावी.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या काळाकडे वळते. साधारण १८५० ते १९३० ही ऐंशी वर्षं म्हणजे नऊवारी, मधला भांग आणि अंबाडा यांचं राज्य. पुरावा इथे भरपूर आहे, आणि नेमका इथेच सर्वाधिक आळस होतो. छायाचित्रण आलं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की फोटो पाहिला की काम झालं. १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात काढलेलं आनंदीबाई जोशींचं छायाचित्र घ्या. शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबूली आहे. कपाळावरून चापून मागे नेलेले आनंदीबाईंचे केस दिसतात, पण त्यांचं पुढे काय झालं हे तो फोटो सांगत नाही. स्टुडिओतल्या बहुतेक फोटोंची हीच गत. बाईला खुर्चीवर बसवायचं, हात टेबलावर ठेवायला लावायचा, नजर कॅमेऱ्यात. पाठीचा फोटो कोण कशाला काढील?

ही उणीव एका माणसाने भरून काढली, ते म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७ चा, कोल्हापूरचा. कारकीर्द मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. १९२० मध्ये ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली. ती आणि त्यांची पोस्टकार्डं मी रंगभूषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीने पाहायला लावते. धुरंधरांच्या बायका पाणी भरतात, बाजारात भाव करतात, देवळाची पायरी चढतात, आणि असं करताना त्या वळतात. त्या वळण्यात अंबाडा दिसतो, त्यात खोचलेलं फूल दिसतं, पदर नेमका कुठून सुरू होतो ते दिसतं. कोळीण, प्रभू घरातली बाई, घाटावरची शेतकरीण यांच्या मानेची ठेवणसुद्धा त्यांनी वेगवेगळी टिपली आहे. राजा रविवर्मा मोठे चित्रकार, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या लक्ष्मी-सरस्वतीचे मोकळे, लाटालाटांचे केस आपल्या डोळ्यांत इतके बसले की ऐतिहासिक नायिका म्हटली की हात आपोआप अंबाडा सोडायलाच जातो. देवीच्या चित्राला जे शोभतं ते माजघरातल्या बाईला लावायचं कारण नाही. त्या काळी सवाष्णीचे केस मोकळे दिसत ते न्हाल्यावर, सुतकात, नाहीतर अंगात आल्यावर. मोकळ्या केसांचा अर्थ प्रेक्षकांतल्या आजीबाईंना ठाऊक असायचा. भट्टनारायणाचं 'वेणीसंहार' हे अख्खं नाटक याच अर्थावर उभं आहे.

पण चित्रांनाही मर्यादा असते. अंबाडा घालतात कसा, हे मी शिकले माझ्या आत्याच्या हाताखाली. दुपारची जेवणं उरकली की ती फणेरपेटी घेऊन माजघरात बसायची. दिवेलागणीनंतर केसांना फणी लावायची नाही, हा घरचा दंडक, त्यामुळे सगळा कारभार उन्हं कलायच्या आत. आधी खोबरेल टाळूवर, मग हाताला उरलेलं टोकांपर्यंत. फणीच्या टोकाने नाकाच्या रेषेत भांग. केस दोन्ही कानांवरून चापून मागे घ्यायचे, मानेच्या जरा वर आगवळाचे, म्हणजे केस बांधायच्या दोऱ्याचे, तीन वेढे घट्ट द्यायचे आणि आगवळाचं एक टोक मोकळं ठेवायचं. मग तिपेडी वेणी, शेवटाला ते टोक पेडात घेऊन गाठ. केस विरळ असतील तर वेणी सुरू करतानाच गंगावन आत मिसळायचं, नंतर बाहेरून बांधायचं नाही, नाहीतर जोड दिसतो. ही वेणी डावीकडून उजवीकडे गुंडाळत आणायची आणि टोक खालून आत सारायचं. चांगला घातलेला अंबाडा आकड्यांवाचूनही दिवसभर हलत नसे. आत्या शेवटी त्यावर तळवा ठेवून हलकेच दाबायची. तळव्याखाली तो सरकला तर पुन्हा पहिल्यापासून.

या घट्टपणाचा अभिनयाशी थेट संबंध आहे. केस असे ओढले की भुवया किंचित वर जातात, कपाळ मोकळं होतं, मान आपसूक ताठ राहते. डोक्यावरून घेतलेला पदर अडतो तोही अंबाड्यावरच. अंबाडा सपाट असला की पदर घसरतो, मग नटी दर संवादाला तो सावरत बसते आणि दिग्दर्शक तिच्यावर वैतागतो. दोष असतो मागे लावलेल्या तयार अंबाड्याच्या पोकळ जाळीत. बालगंधर्वांच्या केशरचनेचं आणि लुगडं नेसण्याचं अनुकरण घरंदाज बायकांनी केलं, ते उगाच नव्हे. एका पुरुषाने त्या पोशाखातली चाल, मान आणि पदर यांचा परस्परांशी असलेला हिशेब पक्का केला होता.

आता विधवेच्या रूपाबद्दल. या विषयावर मी अनेक बैठकांत भांडले आहे आणि पुढेही भांडेन. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरातली विधवा दाखवायची म्हणजे पांढरी साडी आणि पाठीवर काळेभोर केस, अशी एक पद्धत पडली आहे. ती आपल्याकडे बाहेरच्या पडद्यावरून आली. इथल्या सोवळ्या बाईचं केशवपन होई आणि अंगावर तांबडं आलवण असे. इतर अनेक जातींत वपन नव्हतं, तेव्हा सरसकट सगळ्यांना एकच रूप देणंही चूकच. "प्रेक्षकाला ते बघवणार नाही," असं मला सांगितलं जातं. ज्या गोष्टीसाठी आगरकरांनी लेखणी झिजवली, ज्या गोष्टीविरुद्ध १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी वस्तरा न लावण्याचा निश्चय केला, ती गोष्ट आपण नटीच्या सौंदर्यासाठी झाकायची? पंडिता रमाबाईंचे आखूड केस, पार्वतीबाई आठवल्यांनी वर्षानुवर्षांच्या वपनानंतर पुन्हा राखलेले केस, यांत एकेक मोठं नाट्य आहे. झाशीच्या राणीने वपन केलं नाही आणि त्यापायी ती नित्य प्रायश्चित्त घेई, असं गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये येतं. तलवार उपसलेल्या राणीचे उडते केस सगळे दाखवतात. सकाळी स्नान करून त्या केसांपायी प्रायश्चित्ताचं पाणी सोडणारी राणी मात्र मी अजून पडद्यावर पाहिली नाही.

फुलांचंही तेच. फूल हे केसांतलं कॅलेंडर आहे. केवडा श्रावण-भाद्रपदाचा, शेवंती थंडीची, सुरंगी शिमग्याच्या आसपासची आणि तीही कोकण-गोव्याची. गोव्यातल्या नायिकेला अबोलीची फाती माळली की अर्धं नेपथ्य उभं राहतं. गणपतीच्या प्रसंगात सुरंगी आणि भर माघात केवडा दिसला की मला पुढचा संवाद ऐकू येत नाही.

१९३० नंतरचा काळ मी भराभर ओलांडते, कारण तिथे चित्रपटच पुरावा आहे. वाकडा भांग आला, पाचवारी आली, शाळकरी मुलींच्या दोन वेण्या आणि रिबिनी आल्या. 'कुंकू'मधली (१९३७) शांता आपटे पाहा, पुरे.

आज परिस्थिती काय आहे? सोय वाढली आणि वेळ आटला. नटीचे केस थरांत कापलेले असतात आणि करारामुळे त्यांना हात लावता येत नाही. तयार अंबाडा खोक्यातून येतो आणि एकच अंबाडा सासूला, सुनेला आणि कुळंबिणीला फिरतो. नायलॉनचे केस आजच्या कॅमेऱ्यात काचेसारखे चमकतात. तेल लावलेल्या केसांची मऊ तकाकी त्यांना यायची नाही. जाळीवर एकेक केस सुईने ओवून टोप विणणारे कारागीर होते, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. पैसे दागिन्यांवर खर्च होतात, संशोधनाच्या नावाखाली मोबाइलवरची चार चित्रं दाखवली जातात आणि ती चारही समोरून काढलेली असतात. नव्या मुलामुलींत कौशल्य कमी नाही. त्यांच्या हातांत आमच्यापेक्षा जास्त सफाई आहे. त्यांना शिकवायला जो वेळ द्यायला हवा तो कुणी देत नाही.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. नाट्यशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने केशरचनेचा स्वतंत्र वर्ग ठेवावा आणि शिकवायला नव्वदीच्या आसपासच्या बायका बोलवाव्यात. नऊवारीतल्या आयांच्या आणि सासवांच्या वेण्या ज्यांनी रोज घातल्या, अशा काही अजून आहेत. त्यांचे हात चित्रित करून ठेवावेत, चेहऱ्यापेक्षा हात महत्त्वाचे. वाचकांच्या घरी जुनी फणेरपेटी, आगवळ, गंगावन असेल तर ते भंगारात न टाकता जवळच्या संग्रहालयाला द्यावं, आणि सोबत ते कुणाचं होतं, ती बाई कोणत्या गावची, कोणत्या घरची, एवढं कागदावर लिहून द्यावं. पुढचा रंगभूषाकार दागिन्यांची पुस्तकं कुठूनही मिळवील. पण आगवळाचे तीन वेढे कुठे द्यायचे, हे त्याला दुसरं कुणी सांगणार नाही.